प्रवेश मिळाला, विषयांचे काय?

मुंबई-बंगळुरू महामार्गाच्या दोन्ही अंगांना वाढलेले वारजे १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आले. त्यानंतर माळवाडीच्या आसपासची शेते सोसायट्यांखाली गेली, बाह्यवळणाने हिंजवडीचे आयटी पार्क हाताशी आले आणि अभियांत्रिकी पदवी ही इथल्या मध्यमवर्गीय घरांची ठरलेली वाट झाली. वारज्यातच सिंहगड संस्थेचे आरएमडी महाविद्यालय आहे, शेजारच्या कर्वेनगरात मुलींचे कमिन्स आहे, पलीकडे कोथरूडला एमआयटी आहे. पदवी घराजवळच मिळते, त्यामुळे वेगळे काही करायचे तर ते पदव्युत्तर शिक्षणात आणि तेही परदेशात, असा हिशेब अनेक घरांत मांडला जातो. या हिशेबात चार प्रश्न हमखास येतात: देश कोणता, विद्यापीठ कोणते, कर्ज किती आणि व्हिसा मिळेल का. या चारांवर वर्ष-दीड वर्ष खर्ची पडते. तिथे गेल्यावर नेमके कोणते विषय घ्यायचे आणि आठवड्याचे तास कसे वाटायचे, हा पाचवा प्रश्न मात्र विमानतळावर पोहोचेपर्यंत कुणी काढत नाही. माझ्या मते परदेशी शिक्षणाचा नफा-तोटा बऱ्याच अंशी या पाचव्या प्रश्नावर ठरतो, आणि आपली मुले नेमकी त्याचीच तयारी न करता जातात.

प्रश्न थोड्या घरांपुरता राहिलेला नाही. परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये १३ लाखांहून अधिक भारतीय विद्यार्थी परदेशांत शिकत होते. अमेरिकेत २०२३-२४ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांनी संख्येत चिन्यांना मागे टाकले आणि २०२४-२५ मध्ये त्यांची संख्या ३ लाख ६३ हजारांवर गेली. जर्मनीतही परदेशी विद्यार्थ्यांत आता सर्वांत मोठा गट भारतीयांचा आहे. पुण्याला जर्मनी नवी नाही. फर्ग्युसन रस्त्यावरची रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्स म्युलर भवन यांनी या शहरात जर्मन शिकण्याची परंपराच तयार केली, आणि शहरातल्या कित्येक शाळा-महाविद्यालयांत ती भाषा दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून घेता येते. त्यामुळे ‘कसे जायचे’ याचे ज्ञान पुण्यात भरपूर आहे. एपीएस प्रमाणपत्र, ब्लॉक्ड अकाउंट, एसओपी, एलओआर, ट्रान्सक्रिप्ट हे शब्द घरातल्या आजीलाही पाठ झालेले असतात. ‘काय शिकायचे’ याचे ज्ञान त्या मानाने फारच तुटपुंजे आहे.

याचे मूळ आपल्या पदवी शिक्षणाच्या घडणीत आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीत विद्यार्थी ‘पॅटर्न’ला बांधलेला असतो. २०१९ च्या पॅटर्नमध्ये प्रत्येक विषयाला ३० गुणांची इन-सेम आणि ७० गुणांची एंड-सेम परीक्षा होती. विषय ठरलेले, त्यांची सत्रेही ठरलेली. इलेक्टिव्ह होते, पण ते येत शेवटच्या दोन वर्षांत, आणि कागदावर चार पर्याय असले तरी शिक्षक उपलब्ध असलेला एखाद-दुसराच प्रत्यक्षात चालवला जाई. तिथेही निवडीचा निकष ‘स्कोअरिंग’ कोणता, हाच. अभ्यास व्हायचा तो परीक्षेआधीच्या अभ्यास-सुट्टीत, म्हणजे पीएलमध्ये. सत्रभर सबमिशनच्या फायली भरायच्या, त्या एकमेकांच्या पाहून भरल्या तरी कुणाला वावगे वाटत नाही, आणि शेवटच्या काही आठवड्यांत जुन्या प्रश्नपत्रिकांवर स्वार होऊन पैलतीर गाठायचा. या पद्धतीत हुशार मुले तयार होत नाहीत असे नाही. मेहनत, चिकाटी, दडपणाखाली लिहिण्याची सवय ती देतेच. मात्र चार वर्षांत एकदाही विद्यार्थ्याला ‘तुला काय हवे आहे आणि का’ असे कुणी विचारत नाही. बाविसाव्या वर्षी तो परदेशी विद्यापीठात पोहोचतो तेव्हा हा प्रश्न त्याच्यापुढे आयुष्यात पहिल्यांदा येतो, आणि उत्तराला मिळतात जेमतेम दोन आठवडे.

तिथली रचना तासांच्या हिशेबावर उभी आहे. युरोपात एका वर्षाचे ६० ईसीटीएस क्रेडिट, म्हणजे सत्राला ३०. एका क्रेडिटमागे वर्ग, वाचन, प्रयोग, परीक्षा सगळे धरून २५ ते ३० तासांचे काम अपेक्षित असते. सहा महिन्यांच्या सत्रात हे जास्तीत जास्त ९०० तास होतात, म्हणजे आठवड्याला सुमारे ३५. ब्रिटनमधली एका वर्षाची मास्टर्स साधारणपणे १८० क्रेडिटची, दर क्रेडिटला १० तास. १,८०० तास बारा महिन्यांत बसवायचे, म्हणजे पुन्हा आठवड्याला ३५ च्या आसपास. अमेरिकेत पदव्युत्तर विद्यार्थ्याला पूर्णवेळ ठरायला बहुतेक ठिकाणी सत्राला ९ क्रेडिट लागतात. वर्गातल्या एका तासामागे बाहेर किमान दोन तास काम, या तिथल्या व्याख्येने ते आठवड्याला २७ तास भरतात. पुण्यातल्या विद्यार्थ्याला वेळापत्रक पाहून उलटेच वाटते. आठवड्यात तीन-चारच लेक्चर, बाकी दिवस मोकळे! हा मोकळेपणा फसवा असतो. आपल्याकडे कॉलेज दिवसभर बसवून घेते आणि अभ्यास पीएलसाठी राखून ठेवते. तिथे बसवून कुणी घेत नाही, पण काम दर आठवड्याला पुढे येते आणि मागे राहिलेला आठवडा पुढच्या आठवड्यावर चढतो.

रोजच्या जगण्याचा विचार याच हिशेबात करावा लागतो. जर्मनीच्या व्हिसासाठी सप्टेंबर २०२४ पासून ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. म्युनिकसारख्या शहरात खोलीचे भाडे, आरोग्यविमा आणि किराणा यांतच ते संपतात. म्हणून काम शोधणे आले. सत्र चालू असताना अमेरिकेत कॅम्पसवर आणि ब्रिटनमध्ये आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, तर जर्मनीत मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते. अभ्यासाचे ३५ तास, कामाचे २० आणि स्वयंपाक, बाजार, कपडे, भांडी, प्रवास यांना रोजचा दीड तास धरला, तर आठवडा ६५ तासांचा होतो. घरी डबा आयता मिळत होता, गणवेश इस्त्री होऊन येत होता, हे किरकोळ तपशील वाटतील, पण तिथे त्यांचेच तास होतात. अंधार चार वाजता पडणाऱ्या डिसेंबरात ६५ तासांचा आठवडा सोसणे वेगळेच. अशा वेळी विषयनिवड हा केवळ ज्ञानाचा मामला राहत नाही. तीन प्रकल्पप्रधान विषय एकाच सत्रात घेतले तर तिन्हींच्या अंतिम तारखा एकाच पंधरवड्यात येतात. एक प्रकल्प, एक लेखी परीक्षा आणि एक सेमिनार असा मेळ घातला तर तेच ३० क्रेडिट झेपतात. नोकरी, तब्येत आणि गुण यांचे गणित या एका निर्णयाने सुटते किंवा बिघडते.

चुकीची किंमतही देशागणिक वेगळी आहे. अमेरिकेत सत्राच्या सुरुवातीला विषय घेण्या-सोडण्याची मुभा असते, पण पदव्युत्तर पातळीवर सरासरी बहुतेक विद्यापीठांत ३.० च्या खाली गेली की विद्यार्थी धोक्याच्या यादीत येतो. जर्मनीत अनेक अभ्यासक्रमांत सगळी मदार सत्राअखेरच्या एका परीक्षेवर असते आणि त्या परीक्षेच्या संधी बहुधा तीनच. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदा नापास झाले की तो अभ्यासक्रम तिथेच संपतो, आणि त्याच विषयाला जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश मिळणेही अवघड होते. एटीकेटी (नापास विषय घेऊन पुढच्या वर्षात जाण्याची सवलत) आणि बॅकलॉग यांच्या सवयीने वाढलेल्या विद्यार्थ्याला हा नियम परीक्षा-नियमावलीत वाचूनही खरा वाटत नाही. सबमिशनच्या सवयीचेही तसेच. इथे मित्राची फाईल उतरवणे म्हणजे मदत, तिथे ती शैक्षणिक अप्रामाणिकता ठरते आणि चौकशी होते. वेगळ्या नियमांत शिरताना आपण जुन्या सवयी सामानात घेऊन जातो, आणि त्यांचे वजन विमानतळावरच्या काट्यावर दिसत नाही.

निवड ही शिकायची गोष्ट आहे, याचा पुरावा महाराष्ट्राच्या इतिहासातच सापडतो. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. त्या तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या विषयांची यादी उपलब्ध आहे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच व जर्मन यांचे प्राथमिक वर्ग एकेक. यादी नुसती लांबच नाही, तिला आकार आहे. जवळजवळ निम्मे विषय अर्थशास्त्राचे, आणि उरलेले अर्थशास्त्राला समाजाशी जोडणारे. सेलिग्मन यांच्याकडे सार्वजनिक वित्त शिकणारा विद्यार्थी तत्त्वज्ञ ड्यूईंच्या वर्गातही बसला आणि मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारात त्याने भारतातील जातींवरचा निबंध वाचला. पुढे आयुष्यभर ज्या प्रश्नाशी ते लढले, त्याची पहिली शास्त्रशुद्ध मांडणी त्यांच्या मुख्य विषयाबाहेरच्या वर्गात झाली.

दामोदर कोसंबींची वाट याला समांतर आहे. हार्वर्डमध्ये जॉर्ज बर्कहॉफ यांच्यासारख्या गणितज्ञाने त्यांना गणितावरच लक्ष केंद्रित करण्याचा सल्ला दिला होता. कोसंबींनी तो पूर्णपणे मानला नाही, भाषांपासून इतिहासापर्यंत बरेच काही घेतले आणि १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळवली. पुढे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवताना त्यांनी प्राचीन नाण्यांच्या वजनांवर संख्याशास्त्र लावले आणि त्या वाटेने ते भारतीय इतिहासाच्या अभ्यासाकडे वळले. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचे उदाहरण वारज्याच्या शेजारचेच म्हणायला हवे. कर्वेनगर ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या महर्षी कर्व्यांच्या त्या सूनबाई. १९२८ मध्ये काँग्रेस नेते जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन त्या बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांनी त्यांना कवट्यांच्या असममितीचा वंशाशी संबंध तपासायला दिला, आणि त्यांच्या मोजमापातून असा संबंध निघाला नाही. विषय दुसऱ्याने दिलेला असला तरी निष्कर्ष आपला असू शकतो, हेही निवडीचेच एक रूप आहे.

आता आक्षेप. पहिला आणि वजनदार आक्षेप पैशाचा. ही सगळी थोर माणसे, त्यांची गोष्ट निराळी. चाळीस लाखांचे कर्ज डोक्यावर असलेल्या मुलाने तत्त्वज्ञानाचा वर्ग लावायचा का? पण वर दिलेली उदाहरणे नीट पाहिली तर त्यांतली दोन बंधनातली आहेत. आंबेडकरांवर मुदत आणि कराराचा बोजा होता, १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपल्याने त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले आणि ते पुरे व्हायला १९२३ उजाडले. इरावतीबाई तर कर्जावरच गेल्या होत्या. बंधन होते म्हणूनच निवड जपून करावी लागली. आजच्या कर्जदार विद्यार्थ्याला तत्त्वज्ञान घ्यायला कुणी सांगत नाही. त्याने एवढेच पाहावे की आपल्या चार विषयांपैकी तीन नोकरीच्या मागणीशी थेट जोडलेले असतील, तर चौथा असा असावा जो त्याच वर्गातल्या दोनशे मुलांपासून आपल्याला वेगळे काढेल. डेटा सायन्सची तीच ती सहा नावे सगळ्यांच्या ट्रान्सक्रिप्टवर असतात. त्यांच्या जोडीला जलव्यवस्थापन, विमा, सार्वजनिक आरोग्य किंवा भाषाशास्त्र असलेला माणूस मुलाखतीत काहीतरी सांगू शकतो. कर्ज मोठे तितकी ही वेगळेपणाची गरज मोठी.

दुसरा आक्षेप असा की निवड विद्यार्थ्याच्या हातात आहेच कुठे, ती सरकारे करतात. यात बरेच तथ्य आहे. अमेरिकेत २०१६ पासून विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ठरावीक यादीतल्या पदवीला ओपीटीच्या (शिक्षणानंतर तिथे काम करण्याच्या परवानगीच्या) १२ महिन्यांवर आणखी २४ महिने मिळतात, म्हणून व्यवस्थापनाचे कित्येक अभ्यासक्रमही त्या यादीत बसतील अशा बेताने आखले जातात. कॅनडाने नोव्हेंबर २०२४ पासून अनेक अभ्यासक्रमांचा पदवीनंतरचा वर्क परमिट विषयाच्या यादीशी बांधला. ब्रिटन शिक्षणानंतर राहून काम करण्याची आपली दोन वर्षांची ग्रॅज्युएट रूट मुदत जानेवारी २०२७ पासून दीड वर्षावर आणत आहे. आपले सरकारही मागे नाही. अनुसूचित जाती व इतर वंचित गटांसाठीच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक संशोधन हे विषय वगळले. म्हणजे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या सेमिनारात वाचलेल्या निबंधाचा विषय घेऊन आज कुणी त्या योजनेकडे गेले तर पैसे मिळणार नाहीत. या नियमांवर टीका व्हायलाच हवी. पण त्यांच्यामुळे निवड निरर्थक ठरते असे नाही. यादी ठरवते ते पदवीचे नाव. त्या नावाखालचे आठ-दहा विषय अजून विद्यार्थीच ठरवतो. शिवाय याद्या दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. केवळ यादी पाहून घेतलेली पदवी यादी बदलली की पोरकी होते, विषयांवर पकड असलेला माणूस मात्र दुसऱ्या यादीतही बसू शकतो.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे. सीनियर सांगतातच की, कन्सल्टंटही असतात! सीनियर मनापासून सांगतात यात शंका नाही. खोली, सिमकार्ड, स्वस्त किराणा, भारतीय दुकान याबाबत त्यांच्याइतका भरवशाचा सल्लागार नाही. विषयांबाबत मात्र त्यांचा सल्ला बहुधा ‘कोणते सर गुण सैल सोडतात’ इथवर येतो, म्हणजे पुण्यातला ‘स्कोअरिंग’ निकष सातासमुद्रापार पोहोचतो. कन्सल्टंटांचे हितसंबंध वेगळे आहेत. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियातल्या अनेक विद्यापीठांकडून त्यांना प्रवेशामागे कमिशन मिळते, त्यामुळे ‘सेफ, मॉडरेट, ॲम्बिशस’ याद्यांवर तासन्‌तास चर्चा होते आणि व्हिसा आला की संबंध संपतो. त्यांचा धंदा प्रवेशाचा आहे, शिक्षणाचा नाही, हे ओळखले की त्यांच्यावर रागावण्याचे कारण उरत नाही. फक्त पाचवा प्रश्न त्यांच्याकडे सोपवता येत नाही.

चौथा आक्षेप आशेचा आहे. नवे शैक्षणिक धोरण आले, महाराष्ट्रात ते स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले, मेजर-मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह आले, मग ही अडचण आपोआप सुटेल. सुटली तर आनंदच. पण पर्याय छापणे आणि निवडायला शिकवणे या दोन गोष्टी आहेत. विभागात शिक्षकच एक, तर पर्याय चार असून उपयोग काय? आणि मायनर कोणता घ्यावा हे ठरवायला विद्यार्थ्याशी अर्धा तास बोलणारा सल्लागार प्राध्यापक नसेल तर तोही निर्णय व्हॉट्सॲप गटावरच होणार. इथल्या निवडीचे परिणाम परदेशातही लागतात, हे फार उशिरा कळते. जर्मन विद्यापीठे मास्टर्सला घेताना पदवीतले गणित, संगणकशास्त्र, भौतिकी यांचे ठरावीक क्रेडिट मोजून पाहतात. पुण्यात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी टाळलेला एक विषय दोन वर्षांनी अर्ज नाकारण्याचे कारण होऊ शकतो.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, जर्मन विद्यापीठांची मॉड्यूल हँडबुके, ब्रिटिशांच्या मॉड्यूल याद्या, अमेरिकन कॅटलॉग हे सारे खुले असते. अर्ज करण्याआधी, विद्यापीठाच्या क्रमवारीइतकाच वेळ त्यांना द्यावा. कोणता विषय कोणत्या सत्रात चालतो, आधी काय आलेले असावे लागते, परीक्षा लेखी की प्रकल्प, हे त्यात लिहिलेले असते. दुसरी गोष्ट, परीक्षा-नियमावली वाचावी, विशेषतः किती संधी मिळतात ते. तिसरी, पहिल्या सत्रात कामाचे तास कमी ठेवावे आणि त्यासाठीची तरतूद कर्जाच्या अंदाजातच करावी. पहिल्या सत्रात भाडे कमवायला निघालेला विद्यार्थी बहुधा दुसऱ्या सत्रात फेरपरीक्षेची तयारी करत असतो. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे समीकरणही सैल होत आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग २०१७ पासून बिगर-युरोपीय विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ पासून अशा नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावले. वाढलेले प्रत्येक सत्र आता अधिक महाग पडते.

पालकांच्या हातात यातले काय, असा प्रश्न उरतो. विषय कोणता घ्यावा हे त्यांनी सांगू नये. ते त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. पण कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी मुलाला किंवा मुलीला एवढे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे: पहिल्या सत्रात तू कोणते विषय घेणार, प्रत्येक का घेणार आणि त्यांना आठवड्याचे किती तास देणार. प्रत्येक विषयामागे दोन वाक्यांचे सरळ उत्तर आले तर खुशाल जाऊ द्यावे. उत्तराऐवजी विद्यापीठाची क्रमवारी ऐकायला मिळाली तर एक इनटेक थांबावे, प्रवेश डिफर करावा आणि ते सहा महिने वाचनात घालवावेत. वाया गेलेल्या एका सत्राचा निव्वळ राहण्या-जेवण्याचा खर्च ब्लॉक्ड अकाउंटच्या दरानेच ५,९५२ युरो होतो. वारज्यात घरी बसून केलेली तयारी त्याहून स्वस्त पडते आणि टिकते जास्त.